‘लीव्ह’ या क्रियापदाचा निरोप

कोशकार काकांनी ‘लीव्ह’ हा इंग्रजी शब्द हातात घेतला तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या, असं कचेरीत म्हणत. ते खोटं होतं. पण शब्द संपत नव्हता हे खरं. एक अर्थ मिटवावा तर दुसरा डोकं वर काढी. काकांचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटलेलं. शब्दकोशाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायचं, एवढ्या एकाच आशेवर ते रोज येत.

जिन्यात नव्या संचालकांनी सहज विचारलं, “काय चाललंय काका?”

“लीव्ह करतोय साहेब. या आठवड्यात संपेल.”

साहेब दचकले. “इतकं अचानक?”

“अचानक कसलं? कधीपासून डोक्यात घोळतंय.”

“घरी काय म्हणतात?”

“घरचे म्हणतात, सुटा एकदाचे.”

साहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ दाबला. काकांना बरं वाटलं. शब्दांबद्दल इतका जिव्हाळा असलेला अधिकारी त्यांनी पाहिला नव्हता.

मग हेडक्लार्कनं खोलीची किल्ली मागून नेली. काकांना वाटलं, रंग द्यायचा असेल. एक चुणचुणीत मुलगी येऊन त्यांच्या खुर्चीची उंची बघून गेली. काकांना वाटलं, उशिरा का होईना, मदतनीस मिळाली. सभागृहातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं ‘निरोप समारंभ’ वाचून, कुणा बिचाऱ्याची पाळी आली म्हणून ते हळहळलेदेखील. तेवढ्यात हेडक्लार्कनं हातात गुच्छ देऊन त्यांनाच व्यासपीठावर नेऊन बसवलं.

“अहो, मी कुठं जात नाहीये,” काका कुजबुजले.

“सगळे असंच म्हणतात काका. पाय निघत नाही.”

चार माणसांत काकांची जीभ टाळूला चिकटत असे. पण आज गप्प बसलं तर खुर्ची गेली, कोश गेला. गुच्छ छातीशी धरून ते उभे राहिले.

“गैरसमज झालाय,” ते म्हणाले. “रजेचा लीव्ह वेगळा. त्याचं मूळ परवानगीत आहे. हे क्रियापद दुसऱ्याच घरातलं. आज आपण त्याचा अर्थ निघून जाणं असा करतो, पण मुळात त्याचा अर्थ होता मागं राहू देणं. मी त्या शब्दावर काम करत होतो, एवढंच. मी जात नाही. मला इथंच राहू द्या.”

टंकलेखिकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काकांचं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. साहेबांनी गहिवरून त्यांना मिठी मारली आणि खांद्याला धरून थेट फाटकापर्यंत पोचवलं.

घरी बायकोनं गुच्छ पाहिला आणि काय ते ओळखलं. “स्पष्ट सांगायचं होतंत.”

“सांगितलं.”

“मग?”

“फार आवडलं त्यांना,” काका म्हणाले. “पुढच्या महिन्यात हेडक्लार्क निवृत्त होतायत. तेव्हा पुन्हा हेच बोलायला बोलावलंय.”