वनिताबाई देशकर यांनी स्कीची तिसरी सनद मिळविली त्याची हकीकत

श्री गजानन प्रसन्न. टोरांटोनजीक रिचमंड हिलच्या समस्त मराठी मंडळीने सेवकास पुसिले की, वनिताबाई देशकर यांनी स्की शिकविणारांची लेव्हल थ्रीची सनद कैसी मिळविली, ते साद्यंत लिहिणे. त्यास जे डोळां देखिले आणि जे व्हॉट्सॅपवरून कळले ते लिहितो. पदरचे किंचित घातले आहे, तेवढे माफ असावे.

बाई मूळच्या नागपूरच्या, वय एक्कावन्न, पेशा सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे दुसऱ्याच्या कामातील खोट काढणे, आणि त्या कामी तमाम टोरांटो मुलखात त्यांचा दरारा. कन्या ऊर्मी लहानपणी स्की शिके, तेव्हा बाईंनी टेकडीखालच्या लॉजमध्ये बसून तिची जॅकेटे राखण्याची चाकरी दोन हिवाळे केली, आणि तिसऱ्या हिवाळ्यात संतापून स्वतःच पायी स्की बांधिल्या. मग पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या, आणि आठ-नऊ वर्षांत पहिल्या दोन सनदा घेऊन रविवारी नवशिक्यांचे वर्ग चालवू लागल्या. तिसरी सनद ज्यास असे त्यासच नवे शिक्षक तयार करण्याचा अधिकार. बाईंच्या जिवास तोच ध्यास लागला.

गतसाली परीक्षेवर स्वारी केली आणि उतरणीवर ऐसे स्कीइंग केले की परीक्षक थक्क जाहले. मग दुसऱ्या उमेदवारास शिकवून दाखविण्याचा हुकूम जाहला, आणि बाईंनी त्या बापड्यास चौदा चुका क्रमवार सांगितल्या. चौदाही खऱ्या! निकालाचा कागद आला त्यात मजकूर ऐसा: स्कीइंग पास, शिकविणे नापास, कौतुक शून्य वेळा. बाई कडाडल्या, "जे चुकलं नाही ते सांगायचं कशाला?" प्रश्न बिनतोड, परंतु नापास ते नापास. पुढील हंगामात पुन्हा हुकल्यास स्कीइंगचे गुणही बाद आणि सारे मुळापासून करणे. काय हा जुलूम!

मग ऊर्मीने फर्मान काढिले की, मॉमने रोज पाच कौतुके करावी, खरी करावी, नेमकी करावी, आणि त्यांस 'पण' जोडू नये. त्यावरून मोहीम सुरू जाहली. पहिला हल्ला यजमान हेमचंद्रपंतांवर. बाई घोट घेऊन म्हणाल्या, "चहा छान झालाय." पंत पांढरेफटक पडिले आणि खुर्ची धरून पुसते जाहले, "काय झालं? रिपोर्ट आले का?" दुसरे कौतुक ऊर्मीच्या पार्किंगचे; ती बोलली, "मॉम, आर यू डाइंग?" तिसरे ऑफिसातील राजनचे, त्याने नोकरी जाणार ऐसे समजोन तडक रेझ्युमे अपडेट केला. चौथे शेजाऱ्याचे: दारचा ड्राइव्हवे बर्फ उपसोन उत्तम शोव्हल केला म्हणून शाबासकी दिली, आणि त्याच दमात, पण कडेला राहिलंय, ऐसे तोंडून निघून गेले.

तेव्हा बाई गराजमध्ये बसून खरेच रडल्या. म्हणाल्या, "माझं कुणी कधी कौतुक केलं असतं, तर येईल ना मला!" लहानपणी धावण्याचे बक्षीस आणिले, तर घरून शाबासकी आली ती 'आधी कपडे वाळत घाल' ऐसी. ऊर्मीने टिश्यूंचा डबा पुढे सारिला. परंतु बाई नागपूरच्या. डोळे पुसून पाचवे कौतुक विंटर टायरांचे केले आणि दिवस भरला.

मार्चात खासा स्वारी परीक्षेस बॅरी गावाच्या उत्तरेस निघाली, संगे ऊर्मी, हेल्मेट, स्की आणि डबाभर तिखट पुऱ्या. आदल्या दिवशी पाऊस पडोन सारी टेकडी काचेसारखी गोठली होती. शिकविण्यास वाट्यास आला बेनुआ नामे क्वेबेकचा सहाफुटी दाढीवाला गडी, आणि मैदान बर्फाच्या उंचवट्यांचे. गडी आपटला. उठोन पुन्हा गेला, पुन्हा आपटला. तिसऱ्या खेपेस तर एक स्की पायातून सुटोन एकटीच खाली पोचली. परीक्षकांनी हुकूम केला की, आता बोलणे. बाईंच्या जिभेवर एकवीस चुका तलवारी उपसून उभ्या, आणि चांगले म्हणावे ऐसे काही म्हणजे काही दिसेना. खोटे बोलण्याची तर बाईंस आण. ऊर्मी कुंपणापाशी नखे खात उभी.

मग बाई आपल्या नागपुरी इंग्रजीत वदल्या त्याचा मतलब ऐसा: "तू तीनदा पडलास, आणि एकदाही कुणी पाहिलं का म्हणून मागे वळला नाहीस. मी अकरा वर्षं वळून बघतेय." मग बाईंनी वीस चुका गिळोन एकच सांगितली, की हात पुढे ठेव, आणि चौथ्या खेपेस तो पठ्ठ्या तळापर्यंत उभाच्या उभा गेला, आणि "मेर्सी मदाम!" ऐसे ओरडोन आरोळ्या देऊ लागला, आणि बाईही स्की काठ्या उंच करोन लहान पोरीसारख्या नाचल्या. लॉजमध्ये निकाल जाहीर जाहला. पास!

घरी आलियावर पंतांनी सनद उलटसुलट वाचिली आणि म्हणाले, "बरं झालं." बाई आता सनदी शिक्षक, त्यांनी ते मंजूर केले नाही. "नेमकं सांगा," ऐसी आज्ञा जाहली. पंतांनी सनद मेजावर ठेविली. मग खाली पाहोन बोलले, "गेल्या वर्षी नापास होऊन आलीस, मला वाटलं आता सोडशील. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गाडीवरचा बर्फ खरवडत होतीस, परत टेकडीवर जायला. मी खिडकीतून बघत होतो. मला फार अभिमान वाटला होता गं."

ऊर्मी म्हणाली, "गुड जॉब, डॅड."

येणेप्रमाणे एकाच दिवशी दोन फत्ते जाहल्या. पहिलीचा कागद परीक्षकांनी दिला; दुसरीचा हा, सेवकाने लिहून दिला असे.