उतरलेल्या हारांची बाग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरचा हार चोरीला गेला. चोर तिथंच उभा होता, हार हातात घेऊन, आणि उलट मलाच विचारत होता, "कालचाच ना ओ हा?"

नदीकाठच्या मांजर्लीत राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. मी ओरडलेच.

"अहो, माझा हार आहे तो!"

"मग? टाकूनच देणार होतात ना?"

"कचऱ्यात टाकीन, नाहीतर..."

"कचरा कुणाला म्हणता ओ?" एवढं सुनावून हार पिशवीत गेला आणि स्वारी पुढच्या रिक्षाकडे वळली.

हे आमचे परबकाका. तळमजल्यावर एकटेच राहतात. बायको मी यायच्या आधीच वारलेली. अंबरनाथ एमआयडीसीत उभा जन्म शिफ्टमध्ये गेला, आता सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत बाग करतात. दसरा झाला की दारांची तोरणं, गाड्यांचे हार, कुणाच्या फ्रीजवरची माळसुद्धा उतरवायची, गच्चीत वाळवायची आणि पुढच्या पावसाळ्यात नदीचं पाणी येऊन ओसरलं की त्या गाळात बी पेरायचं. विचारायचं वगैरे काही नाही. बेल वाजवून सरळ तोरणालाच हात.

वर्षभराने मला हाताला धरून बागेत नेलं. "ही तुमची स्कूटर. तो तिसऱ्या मजल्याचा फ्रीज. ते पिवळं दिसतंय ना, ते गुप्तेबाईंचं दार." माझी स्कूटर चांगली गुडघाभर वाढून फुलली होती. खरी तेव्हा गॅरेजमध्ये पडली होती.

गेल्या पावसाळ्यात पाणी कंपाउंडात शिरलं. तळमजल्याची माणसं गाद्या, सिलेंडर, टीव्ही वर चढवत होती. परबकाका माझ्या दारात, कंबरेपर्यंत चिंब, आणि हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मला वाटलं दागिने असतील.

"बी आहे. उंचावर ठेवा."

"अहो काका, टीव्ही?"

"तो पोहतोय."

मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि एवढं करून फुलाला कुणी हात लावायचा नाही! मी एकदा देवासाठी एकच मागितलं, तर "नाक्यावर मिळतात ओ" म्हणून वाटेला लावलं. मुभा फक्त गुप्तेबाईंना. त्या आमच्या सेक्रेटरी. फुलं आली की रोज सकाळी परडी घेऊन यायच्या, भिंतीलगतच्या केशरी वाफ्यातला झेंडू तोडायच्या आणि गणपतीच्या देवळात न्यायच्या. काका शेजारी उभे राहून वर दाखवायचे, "ते घ्या, ते टपोरं!" सेक्रेटरीला मस्का लावतात, दुसरं काय, असं आम्ही सगळे म्हणायचो.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी सोसायटीचा चहा बागेतच ठेवला. झेंडू, कोंबडा, गोकर्ण, सगळं नुसतं रंगून गेलं होतं. पातेलंभर आल्याचा चहा, बटाटेवडे, चिवडा. काका इस्त्रीचा शर्ट घालून एकेकाला त्याचं तोरण दाखवत फिरत होते.

गुप्तेबाईंनी वडा चावत कौतुकाने विचारलं, "आणि माझा तो भिंतीजवळचा वाफा? तो कुणाच्या दाराचा?"

"दाराचा नाही ओ. आमच्या हिचा. शेवटच्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी हार घातले होते ना तिला? चितेवर ठेवताना उतरवले, तेव्हा मी मूठभर फुलं खिशात घातली."

अगं बाई! माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. गुप्तेबाईंचा चेहरा पांढराफटक.

"प्रेतावरचा हार? आणि मी तो देवाला वाहतेय? दोन वर्षं? परब, अक्कल गहाण टाकलीत का हो? उद्याच्या उद्या वाफा उपटा. नाहीतर मी माणसं लावून उपटते!"

कुणीही काकांची बाजू घेतली नाही. माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू!

काका वाफ्यासमोर जाऊन उभे राहिले. सगळ्या सोसायटीशी भांडणारा माणूस, पण आता हात जोडले.

"तेवढा नको ओ. बाकी सगळी बाग उपटा. तिचे पाय गेले होते शेवटी. कॉटवरनं उठता येत नव्हतं. देवळात न्या, देवळात न्या म्हणायची रोज. मला कधी फर्स्ट शिफ्ट, कधी सेकंड. राहूनच गेलं. ती गेल्यावर या वाफ्याला पहिली फुलं आली आणि त्याच सकाळी तुम्ही परडी घेऊन आलात. म्हटलं, नेऊ देत. कुणाबरोबर का होईना, जाईल बिचारी देवळात."

वड्यांवर माश्या बसल्या, त्या कुणी हाकलेना. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं. गुप्तेबाईंनी त्या केशरी फुलांकडे पाहिलं. मग पदराने नाक पुसलं आणि पुन्हा सेक्रेटरीच्या आवाजात विचारलं,

"वहिनींना कुठल्या देवळात जायचं असायचं?"

"गावदेवीच्या."

"मग दोन वर्षं मी त्यांना गणपतीकडे नेतेय, ते सांगायचं नाही होय?" त्या कडाडल्या. "उद्या सकाळी सातला तयार राहा. रिक्षा करून गावदेवीला जाऊ. आणि फुलं तेवढी तुम्ही तोडा. माझ्याच्याने आता तोडवणार नाहीत."