काळा मोजा आणि पंचावन्न इंच

आमचे शेजारी बोरसेदादा टीव्हीच्या दुकानात जाताना खिशात एक काळा मोजा घेऊन जातात. एकच. पायात घालायला नव्हे, टीव्हीला लावून बघायला.

माणूस वेडा वाटला ना? मलाही वाटला होता. पण दादा सिल्वासातल्या एका सुताच्या कारखान्यात क्वालिटी बघतात. तिथे नव्या सुताची नळीसारखी पट्टी विणतात, रंगवतात आणि दिव्याखाली धरून कुठे फिकी रेघ दिसते का ते बघतात. त्या पट्टीला मोजाच म्हणतात. रेघ दिसली की सगळा माल अडला. दादांची उभी नोकरी यात गेली, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते पास, रिजेक्ट किंवा होल्ड यांपैकी एकात टाकतात. भाजीवाल्याची वांगी, सोसायटीच्या टाकीचं झाकण, माझ्या बायकोचा उपमा, सगळं. उपमा अजून होल्डवर आहे.

सिल्वासातल्याच डोकमर्डीत आमची घरं लागून. मधली भिंत एकच. मी कोकणातला, इथे सरकारी कचेरीत कारकून; बायको मेधा शाळेत शिकवते. बोरसे धुळ्याकडचे. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि इंदूवहिनींनी जे दार लोटून घेतलं ते घेतलंच. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला हात तेवढा बाहेर यायचा. मेधा हळदीकुंकवाला बोलवून बोलवून थकली.

मग दिवाळीच्या आधी त्यांचा टीव्ही बंद पडला. संध्याकाळी आठ वाजता वहिनी आमच्या दारात. "ताई, आमना टीव्ही बंद पडना. मालिका बघू का हो इथे?"

आता नाही कोण म्हणेल? पण आठ वाजता माझ्या बातम्या असतात! दिवसभर कचेरीत लोकांची बोलणी खाऊन आलेला माणूस, त्याला घटकाभर जगाची बोलणी ऐकू द्याल की नाही? छे. पहिल्या दिवशी वहिनी दाराशी टेकून बसल्या. पुढच्या आठवड्यात सोफ्यावर. मग शेवभाजीचा डबा यायला लागला. मग मालिकेतल्या सासूला दोघी मिळून शिव्या द्यायला लागल्या आणि वहिनी अशा हसायच्या की भांडी वाजावीत. मी आत पलंगावर मोबाइल डोळ्यांशी धरून बसायचो. शेवटी ठरवलं, या माणसाला नवा टीव्ही घ्यायला लावायचाच.

"जुना दुरुस्त नाही का होत?" मी दादांना विचारलं.

"पॅनल गेलं, भाऊ. आता घ्यायचा तर मोठाच घेऊ. पण तपासून."

ते 'तपासून' मला नडलं. दर रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून दुकानात नेऊ लागलो. सिल्वासातली दुकानं संपली, वापीची सुरू झाली. आधी त्यांनी टेप घेऊन स्वतःचा हॉल मोजला. इंच आडवे नाही, तिरके मोजतात, हे मला तेव्हा कळलं. बसायची जागा आणि भिंत यांतलं अंतर बघून पंचावन्न ठरले. चला, म्हटलं, अर्धं काम झालं. कसलं अर्धं!

विक्रेता सांगायचा, "अंकल, फोर-के छे, एचडीआर छे, बधूं छे."

"सगळं छे ते ठीक," दादा म्हणायचे, "पण आमचा केबलवाला फोर-के पाठवतो का?"

दुकानात पोपट, फुलं आणि समुद्राची चित्रफीत चालू असते. ती दादा बघतच नसत. "हे सप्लायरचं सॅम्पल. सॅम्पल चांगलंच असणार. मालिका लावा." मग त्या झगझगीत दुकानात एखादी सून अंधाऱ्या खोलीत रडायला लागायची आणि दादा मोजा काढून पडद्याच्या कोपऱ्याला धरायचे. "बघा. हाऊ काया नही, राखोडी शे." खरंच मोज्याशेजारी तो काळा रंग राखेसारखा दिसायचा. होल्ड.

एका खोक्यावर मोठ्या अक्षरात एकशेवीस हर्ट्झ लिहिलेलं. दादांनी चष्मा वर करून खालची बारीक ओळ वाचली: पॅनल साठचं. होल्ड. दुसरा समोरून झकास, पण दादा दुकानभर अर्धगोल चालले आणि शेवटी फरशीवर मांडी घालून बसले. वहिनी घरी स्वयंपाकघराच्या दाराशी, खाली बसून भाजी निवडतात म्हणून. तिथून पडद्यावरची माणसं पिवळी दिसत होती. होल्ड. तिसऱ्याचा आवाज मागच्या बाजूने यायचा. "आवाज भिंतीला ऐकवायचा का मला?" होल्ड. विक्रेत्यांना मोजा दिसला की चहा प्यायला जायची आठवण व्हायची. मला नाव ठेवायला जागा नव्हती, कारण माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. हेच तर डोक्यात जायचं.

एके संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या आणि चष्मा घरीच विसरल्या. मालिका सुरू झालेली. मेधाने मला पिटाळलं. बोरशांचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेलो.

हॉलमध्ये जुना टीव्ही चालू होता. स्वच्छ, व्यवस्थित. तीच मालिका, तीच सासू. आवाज मात्र बंद. दादा खाली, स्वयंपाकघराच्या दाराशी बसले होते. वहिनींच्या जागेवर.

"अहो, हा तर चालतोय!" मी जवळजवळ ओरडलो.

"हळू," ते म्हणाले. "भिंत एकच आहे."

मला राग आला. आलाच! इतके रविवार, इतकं पेट्रोल, माझ्या बातम्या! दादांनी फक्त भिंतीकडे बोट केलं. पलीकडून मेधाचं काहीतरी बोलणं आलं आणि पाठोपाठ वहिनींचं ते हसू.

"पोरगी गेली तशी ही बोलायचीच बंद झाली, भाऊ," दादा म्हणाले. "मी कामावरून आलो की ताट वाढायची. मालिका तेवढी बघायची, तीही न हसता. त्या दिवशी मागची वायर खरंच सैल झाली होती. ती तुमच्याकडे आली, आणि परत आली ती बोलत बोलत आली. तेव्हा मी ती वायर काढूनच ठेवली. ती गेली की लावतो."

"मग नुसतं सांगायचं ना, जात जा म्हणून!"

"कारणाशिवाय ती कोणाच्या दारात जात नाही."

"तुम्हीही येत चला."

"आलो होतो की एकदा. सगळा वेळ माझ्या चहात साखर आहे का तेच बघत बसली. हसली नाही." ते पडद्याकडे वळले. "चित्र इथे बघतो. आवाज लावला तर तिचं हसणं बुडतं."

मी चष्मा घेऊन परत आलो. मेधाने उशीर का विचारलं तर म्हटलं, चष्मा सापडत नव्हता.

पुढच्या रविवारी वापीला जायचं तर वहिनीच निघाल्या. "आज घेतल्याशिवाय यायचं नाही. किती दिवस लोकांचं घर अडवू?" मेधाही आली. आणि नेमका त्या दुकानात हवा तसा टीव्ही निघाला. दादांनी मालिका लावली, अर्धगोल चालले, फरशीवर बसले, बारीक अक्षरं वाचली. मोजा धरला. काळ्याशेजारी काळा. मोजा कुठला आणि पडदा कुठला, कळेना.

दादा मोजा धरून तसेच उभे राहिले. तीस वर्षं खोटा शेरा न मारलेला माणूस तो, घरच्या टीव्हीबद्दल थाप मारली तरी चांगल्या मालाला 'होल्ड' त्याच्या तोंडून निघेना. विक्रेत्याने बिलाचं पुस्तक उघडलं. वहिनींनी पदर सावरला आणि मेधाकडे बघून हसल्या, पण ते भिंतीतून येणारं हसू नव्हतं.

मी दादांच्या हातातून मोजा घेतला. पडद्याच्या खालच्या कोपऱ्याला धरला, मान तिरकी केली, एक डोळा मिटला.

"दादा," मी म्हणालो, "इथे मला जरा राखोडी वाटतंय."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग खाकरून विक्रेत्याला म्हणाले, "होल्ड."

"अरे, क्यां छे राखोडी?" विक्रेता बिचारा पडद्याला नाक लावून शोधत होता. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पण यांच्यासारखेच झालात!" आणि लगेच मेधाला, "मग उद्या कळण्याच्या भाकरी आणते."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बेल वाजली. भाकरी आल्या, मालिका लागली, सासू घरात शिरली. वहिनींना हसू फुटायच्या बेतात होतं. मी रिमोट उचलला आणि आमच्या टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.