दुसऱ्या घराचा कर आणि सासूबाईंचा खिळा

नवं घर पसंत पडलं त्या दिवशी चष्मेवाला इतका खूश होता, की दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यानं दुसऱ्याच कुणाचा चष्मा बांधून दिला आणि वर पाठीवर थापही मारली. घर होतंच तसं. वर दोन खोल्या आणि खाली रस्त्याकडे उघडणारी एक ऐसपैस खोली. त्या खोलीत त्याची बायको केकचं दुकान थाटणार होती. आजवर बिचारीनं टीचभर ओट्यावर लोकांचे वाढदिवस साजरे केले होते. आता मोठा ओव्हन येणार होता. त्याचं चित्र तिनं फ्रिजवर चिकटवलं होतं आणि येता-जाता ती त्याला फडक्यानं पुसत होती.

माशी शिंकली ती दलालाच्या दुकानात.

"एक घर नावावर असताना दुसरं घेताय, म्हणजे जादा कर लागणार," दलाल म्हणाला. "पहिलं घर घेणाऱ्याला थोडा, दुसरं घेणाऱ्याला दणकून. नियमच आहे."

"अहो, पण जुनं आम्ही विकणारच आहोत."

"विकाल तेव्हा विकाल. खरेदीच्या दिवशी नावावर आहे ना? मग झालं."

जुनं घर विकलं जात नव्हतं, कारण ते चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती आणि न्हाणीघराच्या भिंतीला ओल होती. चष्मेवाल्यानं ती ओल रंगाखाली झाकली होती, पण ती पुन्हा डोकं वर काढत होती. जादा कराचा आकडा ऐकून बायको तडक उठली. घरी आली आणि तिनं फ्रिजवरचं चित्र काढून ओट्याच्या खणात ठेवलं. ते मात्र चष्मेवाल्याला बघवेना. रात्रभर तळमळून सकाळी तो ताडकन उठून बसला.

"अगं, सुचलं. हे जुनं घर तुझ्या आईच्या नावावर करून टाकू. खरेदीच्या दिवशी आपण बिनघराचे. कर थोडा, ओव्हन मोठा."

"आणि मग?"

"मग काय, चार दिवसांनी परत आपल्या नावावर. आई काय परक्या आहेत?"

"मग आईला तसं सांगूया."

"छे छे. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. गावभर होईल. प्रेमानं देतोय म्हणायचं."

सासूबाई इस्पितळातल्या निवृत्त मुख्य परिचारिका. एका नजरेत अख्खा वॉर्ड गप्प करणाऱ्या. शेजारच्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. "आई, तुम्ही उभा जन्म भाड्यानं काढलात. हे घर आता तुमचं," असं जावयानं म्हटलं आणि त्या बाईंच्या डोळ्यांना घळाघळा पाणी आलं. ते पाहून चष्मेवालाही गहिवरला. आपण खरोखरच थोर आहोत असं त्याला कागद होईपर्यंत वाटत राहिलं.

कागद झाले आणि पुढच्याच आठवड्यात सासूबाई हातोडी घेऊन हजर.

"माझ्या घरमालकानं मला कधी भिंतीला एक खिळा ठोकू दिला नाही," त्या म्हणाल्या आणि समोरच्या भिंतीत त्यांनी तीन घावांत भलाथोरला खिळा ठोकला. त्यावर दिवंगत सासऱ्यांचा फोटो लागला, तो नेमका असा, की जावई जेवायला बसला की सासरे त्याच्या ताटात बघत.

मग सोफा खिडकीपाशी गेला. टीव्हीचा आवाज खाली आला. चपला दाराबाहेर गेल्या. एक दिवस प्लंबर आला आणि त्यानं न्हाणीघरात बोटानं रंग खरवडला.

"जावईबापू, ही ओल तुम्हाला ठाऊक होती?"

"ओल? कुठंय ओल?"

"चष्म्याचं दुकान तुमचं, आणि दिसतंय मला."

चष्मेवाल्यानं सगळं गिळलं. अडला हरी, असं म्हणून तो गप्प बसे आणि म्हणीचा पुढचा भाग मनातसुद्धा आणत नसे.

खरेदीचा दिवस उजाडला. घरात नुसती धांदल. बायको एका लग्नाच्या केकवर क्रीम चढवत होती, नवरा इस्त्रीचा शर्ट शोधत होता. तेवढ्यात सासूबाई कागद घेऊन आल्या. "दोघंही सह्या करा. माझं काम अडलंय." आईच्या कागदावर काय वाचायचं? लेकीनं क्रीमनं माखलेल्या हातानं सही ठोकली. जावयानं भिंतीला कागद लावून, शीळ घालत सही केली. "मी पुढं होते," म्हणून सासूबाई जिना उतरल्यासुद्धा.

नोंदणीच्या कार्यालयात कारकुनानं विचारलं, "तुमच्या नावावर सध्या एखादं घर?"

"एकही नाही," चष्मेवाला छाती काढून म्हणाला.

कारकुनानं खालून एक कागद काढला. त्याच्या कोपऱ्यावर क्रीमचा डाग होता. "मग हे काय? आज सकाळीच नोंद झालीये. आजींनी लेक-जावयाला घर बक्षीस दिलंय."

दोघांनी मागं वळून पाहिलं. बाकावर सासूबाई बसल्या होत्या. "लेकीनं नव्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये," त्या म्हणाल्या.

सौदा मोडायची सोय नव्हती. इसार गेला असता आणि घरही. चष्मेवाल्यानं जादा कर भरला. बायको पावतीकडे बघत राहिली. तिला त्या पावतीत ओव्हनच जळताना दिसत होता. जिन्यावर आल्यावर तिचा बांध फुटला.

"आई, आम्ही तुला फसवलं गं. कर वाचवायला घर दिलं होतं. नंतर परत मागणार होतो."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?" जावयाचा आवाज चिरकला.

"दुसऱ्याच दिवशी मी इथं आले होते, मालकिणीला काय काय भरावं लागतं ते विचारायला. कारकुनानं सगळा नियम समजावला. रडले होते ना मी? ते रडणं परत घ्यावंसं वाटलं." त्यांनी पदर खोचला. जावयाला पायरीवरून नजर उचलवेना. "जुनं घर वर्षाच्या आत विकलं, की भरलेला जादा कर परत मिळतो. नुसतं विचारलं असतंत तर कळलं असतं."

"पण ते घर घेणार कोण?" बायकोनं डोळे पुसत विचारलं.

"मी. माझ्या नावावर दुसरं घर नाही, मला कर थोडाच. साठवलेले पैसे आहेत."

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला, पण डोकं चालेना. "आई, फुकट मिळालं होतं की. ठेवून घ्यायचं. विकत कशाला?"

"फुकटचं तुम्ही चार दिवसांनी परत मागितलं असतं. विकत घेतलेलं कोण मागतंय?" सासूबाई कठड्याला धरून एक पायरी उतरल्या. "आता भावाचं बोलू. चौथा मजला, लिफ्ट नाही, न्हाणीघरात ओल. नाही म्हणू नका, मी मालकीण होते त्या घराची."

बायकोला हसू फुटलं. भाव तिथंच, जिन्यावर ठरला आणि तो चष्मेवाल्यानं ठरवला असं कुणीच म्हणणार नाही.

त्याच संध्याकाळी आवराआवर सुरू झाली. बायकोनं खणातून ओव्हनचं चित्र काढून पुन्हा फ्रिजवर लावलं. चष्मेवाल्यानं सासऱ्यांचा फोटो उतरवला, भिंत मोकळी करून द्यावी म्हणून पक्कड घेतली आणि खिळ्याला लावली.

"तो राहू दे," सासूबाई मागून म्हणाल्या. "तो घरासोबत घेतलाय मी."