सुतक बँडची पहिली तबकडी

एका जंगलात, बाळांनो, सगळं उत्तम चाललं होतं. त्यामुळे काही जणांना तिथे करमेना.

त्यातले एक भुजंगराव तरस. त्यांनी तोंडाला राख फासली आणि बँड काढला. नाव ठेवलं 'सुतक'. गळा भुजंगरावांचा, गिटार रानडुकराची आणि ढोल कासवकाकांचा. काका एक थाप मारत. दुसरी पडेपर्यंत खारीच्या चार शेंगा सोलून होत.

वटवाघळांच्या गुहेत त्यांनी चार गाण्यांची छोटी तबकडी काढली. चारही गाणी मरणावर. शब्द एकही कळत नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं. भुजंगरावांचा मात्र तिच्यावर जीव होता. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांनी मारलेलं खाल्लं होतं. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच.

त्या जंगलाची एक रीत होती. नवं काही केलं, की ते नदीकाठच्या दगडावर भाताच्या गोळ्याशेजारी ठेवायचं. कावळा शिवला, तर जंगलाने ते चांगलं म्हणायचं. नाही शिवला, तर त्याची काही इच्छा राहिली असं समजून करणाऱ्याने शब्द द्यायचा. दिलेला शब्द मोडायचा नाही.

तबकडी ठेवली. सगळं जंगल जमलं. कावळा फांदीवरून हलेना.

भुजंगरावांनी हात जोडले. "पुढच्या वेळी राख पुसून गंध लावू."

कावळ्याने मान फिरवली.

"मरणावर गाणार नाही. वसंतावर गाऊ!"

कावळ्याने पंख खाजवला.

रानडुक्कर कानाशी लागलं. "अहो, ढोल फार संथ आहे. त्याचंच असेल."

भुजंगरावांनी काकांकडे पाहिलं. गुहेत त्यांना पहिल्यांदा 'गा रे' म्हणणारे काकाच होते.

"म्हणून टाक," काका म्हणाले. "मला वाईट वाटायला वेळ लागतो."

"कासवकाकांना काढू!" भुजंगराव ओरडले.

कावळा खाली उतरला आणि शिवला. जंगलाने टाळ्या वाजवल्या. काका पाण्याकडे चालू लागले. दिसेनासे व्हायला त्यांना दुपार लागली, आणि तेवढा वेळ भुजंगरावांना ते बघावं लागलं.

पुढची तबकडी वसंतावर निघाली. ढोलावर सुतारपक्षी होता.

"छे!" जंगल म्हणालं. "पहिलीची सर नाही. काय तो ढोल! काय तो धीर! आम्ही तर रडलो होतो." त्या दिवशी कानात बोटं घालून बसलेला ससाही रडलो म्हणाला.

भुजंगराव धावत काकांकडे गेले. "काका, परत चला."

"कावळ्यापुढे शब्द दिलायस, बाळा."

मग भुजंगराव कावळ्याकडे गेले. "महाराज, मला त्या शब्दातून सोडवा. तुमची इच्छा मी जन्मभर पाळीन, पण दुसरी कुठलीतरी सांगा."

"कसली इच्छा?" कावळा म्हणाला. "त्या दिवशी वाघाकडे बारसं होतं. जेवण अंमळ जास्त झालं होतं. जिरल्यावर उतरलो."

"आणि माझी तबकडी?"

"भाताशेजारी काहीतरी गोल होतं खरं."

भुजंगराव तिथेच बसले आणि ओरडून रडले. वाटेने जाणारा ससा थबकला. म्हणाला, "वा! हे जुन्या सुतकासारखं वाटतं."

तात्पर्य: आपली कला समीक्षकापुढे ठेवण्याआधी तो जेवला आहे का, तेवढं विचारून घ्यावं. जेवला असेल, तर जरा थांबावं. मित्राचा बळी काय, संध्याकाळीही देता येतो.