प्रसेनजीतरावांची करंगळीवरील स्वारी

समस्त वाचकांचे सेवेसी अदबीने विदित करतो की, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, करवीर प्रांतीच्या कसबे बावडा येथील लोहपरीक्षक प्रसेनजीतराव कांबळे यांनी जावळीच्या रानातील करंगळी नामक सुळक्यावर जी मोहीम केली, तिचा करीना पदरचा मीठमसाला न लावता लिहावा ऐसा हुकूम जाहला. हुकूम कोणी केला ते आम्हांसही ठाऊक नाही, परंतु हुकुमावाचून बखर लिहिण्याची चाल नाही, सबब जाहला ऐसे समजावे.

प्रसेनजीतराव शिरोलीच्या एका ओतशाळेत बावीस वर्षे ओतीव मालाची पारख करीत. हातोडीने जिन्नस ठोकावा, नाद खणखणीत आला तर खडूने बरोबरची खूण करून पास करावा, आणि बद्द आला तर आत तडा आहे ऐसे जाणून बाजूस टाकावा, ही त्यांची चाकरी. एकदा मालकाने तडकलेला पंप पास करण्याविषयी गोड बोलून पाहिले, तर यांनी हातोडी मालकाच्याच हाती दिली आणि तुम्हीच ऐका म्हणाले. मग घरीही तीच खोड. माठ, कलिंगड, नवे हेल्मेट, काही ठोकल्यावाचून उंबऱ्याआत येत नसे. भट्टीच्या गोंगाटात बोललेले ऐकू येत नाही म्हणून क्रेनवाल्याशी हाताच्या खुणांनी बोलावे लागे, तीही सवय घरी आली होती. मूठ वर धरली की थांब, बोट खाली करून फिरवले की हळू सोड. आमटी वाढताना खाशा पत्नी अंजनाबाईसाहेब याच खुणांवर चालत, आणि लेक दीक्षा तर बोलण्याआधी या खुणा शिकली.

एवढ्या मर्दाचे एकच व्यंग होते, ते त्यांनी बावीस वर्षे गोटात दडवून ठेवले. उंचीवर गेले की त्यांचा जीव घाबरा होई. ओतशाळेत क्रेनच्या शिडीला ते कधी शिवले नाहीत, आणि घरात माळ्यावरचा डबाही अंजनाबाईच काढीत.

आता मोहिमेचे कारण. दीक्षाबाईसाहेब, वय वर्षे वीस, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात, कडे चढण्यात तरबेज जाहल्या, आणि हिमालयात सव्वीस दिवसांच्या गिर्यारोहणाच्या शिक्षणासाठी त्यांनी नाव घातले. त्या कागदावर पालकाची सही हवी होती, आणि सोमवारी कागद पोचला नाही तर जागा दुसऱ्यास जाणार होती. प्रसेनजीतरावांना नाही म्हणवेना, आणि सही करताना हात उठेना. तीन दिवस कागद फ्रीजवर चुंबकाखाली पडून राहिला, तेव्हा अंजनाबाईंनी निर्वाणीचे फर्मान काढले.

"पोरीबरोबर जाऊन दोर बगा, खडक बगा, मग काय ते ठरवा. हितं बसून न्हाय म्हणायचं न्हाय. आनि एक सांगते, तुमी माळ्यावर चढत न्हाईसा, हे कारण कागदावर लिवायचं न्हाय."

बोल नेमका वर्मी लागला. मग रावांनी एकांती मसलत केली ती ऐसी की, आपण जातीनिशी जावे, हातोडी न्यावी, दोराच्या कड्या ठोकाव्या, खडक ठोकावा, आणि कुठे बद्द वाजले की माल नापास म्हणून कागद परत करावा. इभ्रत राहील, पोरगीही घरी राहील. त्यांच्या चाकरीत दोष सापडला नाही ऐसा एकही दिवस गेला नव्हता, सबब फिकीर नव्हती.

नाताळच्या सुट्टीत शुक्रवारी पहाटे त्रिशरण पंचशील म्हणून, जय भीम करून, सात मोटारसायकलींची फौज बावड्याहून कूच करती जाहली. हरोळीस, म्हणजे सर्वांच्या पुढे, दीक्षेच्या गिर्यारोहण मंडळाचा म्होरक्या जोतीराम, नऊ सुळके सर केलेला, अंगाने काडी आणि आवाजाने नगारा. रावांची चौदा वर्षांची गाडी सर्वांच्या मागे, तिच्यावर रावांच्या पाठीशी दीक्षा, आणि दोघांच्या मध्ये भाकऱ्या, खर्डा आणि सुक्क्या मटणाचा डबा अंबारीत बसविल्यासारखा. महामार्ग सहापदरी होत होता आणि गेली कैक वर्षे होतच होता. जागोजागी वळण घ्यावे, धूळ खावी, पुन्हा मूळ रस्त्यास लागावे तो पुढे आणखी वळण, ऐशी गनिमाने मांडणी केली होती. कराडास पोचेतो फौजेचा रंग एकच जाहला, आणि कोणती गाडी कोणाची हे आवाजावरून ओळखावे लागले.

मग पाटणावरून घाट चढून पवनचक्क्यांच्या पठारावर मुक्काम जाहला. तेथे राहुट्या ठोकण्याचे काम निघाले. रावांनी प्रत्येक खुंटी आधी ठोकून ऐकली आणि पाच खुंट्या नापास करून बाजूस टाकल्या. मग उरलेल्या तीन खुंट्यांवर उभी केलेली राहुटी वाऱ्याने जेवणाआधीच उचलली आणि ती दीड शेत पळाली. तिच्या पाठीमागे खासा स्वारी, स्वारीपाठीमागे जोतीराम, ऐसा पाठलाग जाहला. राहुटी बाभळीत सापडली. एवढा पराभव होऊनही डब्यातले मटण मात्र शाबूत होते, ते सर्वांनी वाटून खाल्ले, आणि दारूगोळा सलामत तर फौज सलामत ऐसे सर्वानुमते ठरले.

दुसरे दिवशी सातारा, मेढा करीत जावळीच्या रानात करंगळीच्या पायथ्यास पोचले. सुळका अडीचशे फूट, सरळसोट. रावांनी मान वर केली आणि लगेच खाली घेतली. जोतीराम वर जाऊन कडीतून दोर ओवून दोन्ही टोके खाली सोडून आला. तोपर्यंत रावांनी सगळ्या कड्या चादरीवर मांडून एकेक ठोकली. एकूण एकतीस कड्या, आणि एकतीसही खणखणीत. मग दोर पाहिला, शिवण पाहिली, खोगीरासारखा कमरेस बांधायचा पट्टा पाहिला. दोष नाही. रावांचा चेहरा पडत चालला.

"पप्पा, झालं का? पास की नापास?" दीक्षेने विचारले.

"खडक राहिलाय," राव म्हणाले.

"मग पायथ्याला ठोका की."

"पायथ्याचं काय घेऊन बसलीस? माल वरनं ठोकायचा असतो," राव बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांना कळले की आपण काय बोललो. परंतु तेरा माणसांनी ऐकले होते. बाण सुटला तो सुटला.

तेव्हा कमरेस पट्टा, पट्ट्यास हातोडी, खिशात खडू, आणि खाली दोर धरून दीक्षा, ऐशी सिद्धता करून प्रसेनजीतराव करंगळीवर चालून गेले. पाच फूट गेले. दहा गेले. पंधरावर एक कंगोरा होता, त्यावर उजवा पाय ठेवला आणि त्यांनी खाली पाहिले.

येथे लेखणी अडखळते. उजवा पाय शिलाई मशीनसारखा चालू जाहला. खालून जोतीरामाचा नगारा वाजत होता, परंतु वाऱ्याने एक अक्षर वर येऊ दिले नाही. मरण म्हणतात ते हेच, ऐसे रावांना खचित वाटले, आणि लाज वाटली ती त्याहून जास्त. मग त्यांनी, विचार न करता, मूठ वर धरली.

दोर जागच्या जागी घट्ट जाहला. राव लोंबकळले आणि पडले नाहीत.

ऐसे लटकून चार घटका गेल्या ऐसे त्यांना वाटले, घड्याळात तीन मिनिटे जाहली होती. मग हातोडी आठवली. संधी हीच होती. वर दुसरे कोणी ऐकणारे नव्हते, बद्द म्हटले असते तर बद्द, आणि घरी जाऊन कागद फाडता आला असता. त्यांनी खडक ठोकला. खण्ण. हातभर सरकून ठोकला. खण्ण. कंगोरा ठोकला, भेग ठोकली, राग येऊन डोक्यावरचा दगड ठोकला. सगळा सह्याद्री देवळातल्या घंटेसारखा वाजत होता. प्रसेनजीतरावांनी जन्मात तडकलेला माल पास केला नव्हता, आणि चांगला माल नापासही केला नव्हता. आज पोटच्या पोरीसाठी पहिल्यांदा तसे करावेसे वाटले, आणि करवले नाही. डोळ्यांत पाणी आले ते वाऱ्याने, ऐसे त्यांनी पुढे सर्वांस सांगितले.

मग त्यांनी खिशातला खडू काढून खडकावर बरोबरची खूण केली, आणि बोट खाली करून हळू फिरवले.

दोर सुटू लागला. धक्का नाही, हिसका नाही. ओतशाळेत वितळल्या लोखंडाची बादली क्रेनवरून ज्या हाताने उतरवावी आणि थेंब सांडू नये, त्या हाताने दीक्षेने बापास जमिनीवर ठेवले. बावीस वर्षांत ऐसा क्रेनवाला रावांना भेटला नव्हता. ते गवतावर बसले आणि पुष्कळ वेळ पोरीच्या हातांकडे बघत राहिले.

"घाबरलासा व्हय?" ती हळूच म्हणाली.

"लय," राव म्हणाले. बावीस वर्षांचे गुपित एका शब्दात उघडे पडले आणि कोणी हसले नाही. मग दीक्षा त्याच दोराने वर गेली, खडूच्या खुणेवर टाळी दिल्यासारखा हात ठेवून पुढे निघाली, आणि अर्ध्या तासात करंगळीच्या माथ्यावरून तिने मूठ वर धरली.

येणेप्रमाणे अडीचशे फुटांच्या सुळक्याचे पंधरा फूट प्रसेनजीतरावांनी जातीनिशी कबज्यात आणिले, उरलेला मुलूख कन्येच्या हवाली केला, आणि फौज रविवारी दिवस असताना बावड्यास दाखल जाहली. कागद फ्रीजवरून निघाला व सोमवारी मुदतीत पोचता जाहला. त्यात सहीच्या वर एक रकाना होता की, पालकास गिर्यारोहणाचा काही अनुभव आहे काय. तो रावांनी दस्तुरखुद्द भरला. बखरीस पुरावा असावा म्हणून त्याची नक्कल अक्षरशः उतरून देतो:

"पंधरा फूट. दोर मुलीच्या हातात होता. पास."