जास्वंदीपर्यंतचा धडा

करंदीकर बाई मधल्या सुट्टीत मुलींचे डबे हुंगत फिरायच्या. पोळीभाजीत त्यांना रस नसे. त्या आंबट शोधायच्या. लिंबाचं लोणचं, आवळा, चिंच यातलं काहीही नववी-दहावीच्या मुलीच्या डब्यात निघालं की बाई चष्मा कपाळावर चढवून त्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि स्टाफरूममध्ये येऊन माझ्या कानाशी म्हणायच्या, "कुठेतरी पाणी मुरतंय."

डोंबिवलीतल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात आणि मी इतिहास. आमची टेबलं शेजारी, त्यामुळे मुरणारं सगळं पाणी आधी माझ्याकडे यायचं. बाईंनी लग्न केलं नाही. नौपाड्यात आईबरोबर राहायच्या, आई गेल्यापासून एकट्याच राहतात. दिवस गेले की बाईला आंबट खावंसं वाटतं, हे शास्त्र त्यांना आईकडून मिळालेलं. बीएस्सीच्या पदवीने त्याला जरासुद्धा धक्का लावला नव्हता.

श्रुती नावाच्या मुलीने लागोपाठ लोणचं आणलं तर बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. ती बिचारी कामावर अर्धी रजा टाकून आली आणि म्हणाली, सकाळी भाजी करायला वेळच होत नाही हो. बाईंचं समाधान झालं नाही. आमच्या पवार मॅडम नव्याने लागल्या तेव्हा आवळा सुपारी चघळत होत्या. बाईंनी भर स्टाफरूममध्ये विचारलं, बाळंतपणाची रजा कधीपासून? पवार मॅडमना मूल झालं ते त्यानंतर खूप उशिरा, तरी बाई आजही सांगतात की मी तेव्हाच ओळखलं होतं.

फाटकाशी चिंचा, आवळे विकणाऱ्या हिराबायला त्यांनी रस्त्यापलीकडे हाकललं. हिराबाय इथलीच, आगरी. टोपली उचलता उचलता तिने मला विचारलं, "आमचे चिचंनी काय केलंय गो बाय?" 

इतका संशय असलेली ही बाई वर्गात मात्र जास्वंद शिकवायची. आठवीत जास्वंद, नववीत जास्वंद, दहावीत तर खरीखुरी फुलं आणून, पाकळ्या सोडवून, परागकण मुलांच्या बोटांवर देऊन. फार सुंदर शिकवायच्या, हे कबूल करायला हवं. मग माणसाचा भाग आला की पुस्तक मिटायच्या. "पुढचं घरी वाचा." घरी कोण वाचणार आणि कोणाला विचारणार? मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एकदा ठरवलं की एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलावून मुलामुलींशी वयात येण्याबद्दल मोकळं बोलायला सांगावं. करंदीकर बाईंनी असं रान उठवलं की बेत बारगळला. नको त्या वाटा आपणच कशाला दाखवायच्या, हे त्यांचं म्हणणं. काही पालकांनी त्यांना हार घालायचा तेवढा बाकी ठेवला.

दहावीतली मनाली ही त्यांची लाडकी. शांत, अक्षर मोत्यासारखं आणि मुख्य म्हणजे आंबटाला हात न लावणारी. तिच्याकडे बघा जरा, असं बाई इतर मुलींना सुनवायच्या. ती अधूनमधून पोट दुखतं म्हणून खेळाच्या तासाला बसून राहायची. बाई पर्समधून ओवा काढून प्रेमाने तिच्या हातावर ठेवायच्या.

दिवाळीनंतर एक दिवस मनाली प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. आईने दवाखान्यात नेलं, आणि तिथे कळलं की तिला सातवा महिना आहे. ज्याने हे केलं तो शेजारचाच बाप्या, घरात येऊनजाऊन असणारा. पोलिसांनी त्याला उचललं. मुलीला आईने शीळफाट्याला मावशीकडे नेऊन ठेवलं. बाळ जानेवारीअखेर, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये.

संस्थेच्या मंडळींचं मत पडलं की मुलीला दाखला देऊन मोकळं व्हावं, शाळेच्या नावाने परीक्षेला बसवू नये. मी आणि पवार मॅडम विरोधात होतो, पण आम्हाला विचारतो कोण? त्याच दिवशी करंदीकर बाई मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये शिरल्या आणि दार लावून बराच वेळ आत बसल्या. बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघता तासावर गेल्या. आयुष्यभर जे शोधत होत्या ते सापडलं, आता पोरीला हाकलूनच थांबतील, याची मला खात्री पटली. मला त्यांचा इतका राग आला की त्यांनी दिलेला चहाही मी घेतला नाही.

मग बाईंचं वागणंच संशयास्पद झालं. डबे हुंगणं बंद. आणि शनिवारी शाळा सुटली की त्या रस्ता ओलांडून हिराबायकडे जायच्या, आवळे घ्यायच्या, पर्समध्ये दडवायच्या आणि शीळफाट्याची बस पकडायच्या. पवार मॅडमना तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "आता यांना विचारू का, रजा कधीपासून?" मला मात्र हसू येईना. तिथे जाऊन त्या पोरीची उलटतपासणी करत असणार, म्हणून पुढच्या शनिवारी मीही ओढणीत तोंड लपवून त्याच बसमध्ये चढले.

मावशीची खोली चाळीच्या टोकाला होती. दार उघडंच. मनाली भिंतीला उशी लावून बसलेली, समोर बाई जमिनीवर मांडी घालून, मध्ये विज्ञानाचं पुस्तक. पान जास्वंदीच्या पुढचं होतं. बाईंचे कान लालबुंद झाले होते, नजर पुस्तकात रुतलेली, पण आवाज पाकळ्या सोडवताना असायचा तसाच होता. मावशी आत आवळे चिरत होती. ती मला हळूच म्हणाली, "हिला आंबट अजिबात आवडत नाय ओ. पन बाई एवढ्या लांबून आणतात, नको कसं म्हणायचं? मी लोणचं घालते."

बाईंनी मला पाहिलं. जराही दचकल्या नाहीत. "या, बसा," म्हणाल्या. "पाणी कुठे मुरतंय ते बघायला आलात ना?"

परतीच्या बसची वाट बघताना मी दाखल्याचं विचारलं. दाखला देणार नाहीत, म्हणाल्या. त्या दिवशी केबिनमध्ये त्यांनी सांगितलं होतं, मुलीचं नाव काढायचं तर आधी माझं काढा. निवृत्तीला एवढंसं राहिलंय, तरी. मनाली आमच्याच शाळेतून परीक्षेला बसणार होती. मला तो न घेतलेला चहा आठवला.

"पहिल्यांदा आले तेव्हा मी तिच्यावर ओरडले," बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "म्हटलं, अगं, तुला इतकंसुद्धा कळलं नाही? पोटात काय आहे ते? तर म्हणाली, बाई, मला जास्वंदीचं सगळं येत होतं."

मग त्या पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या, हाताला ओव्याची पुडी लागली, ती तशीच मुठीत धरून राहिल्या. मला रडू आलं. त्यांचा हात धरावासा वाटला आणि मी तो धरला.

सोमवारी दहावीच्या वर्गात बाईंनी फुलं नेली नाहीत. मी शेजारच्या वर्गात होते, पण खोटं कशाला बोलू, मुलांना वाचन देऊन व्हरांड्यात उभी राहिले. जास्वंदीच्या पुढचं पान सुरू होतं. तेवढ्यात लोणच्यावाल्या श्रुतीने हात वर केला. बाईंचा चष्मा सवयीने कपाळावर चढला, नजर तिच्यावर खिळली. हिला हे कशाला हवंय, हा प्रश्न मला व्हरांड्यातून त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

मग त्यांनी चष्मा खाली घेतला.

"विचार गं," म्हणाल्या. "मी कोणाला सांगणार नाही."